वर्गातली पिवळी पट्टी

११ जून. शाळा उघडायला चार दिवस उरले होते आणि सहावी-सातवीच्या वर्गातली पिवळी पट्टी खरवडून काढायची होती. जुनी ब्लेडं, थिनरची बाटली, नारळाची शेंडी आणि गुडघ्याखाली घ्यायला बारदानाची घडी, एवढं घेऊन मी सकाळी आठला बसले. दुपारपर्यंत होईल असा अंदाज होता. दुपारी निम्मीसुद्धा निघाली नव्हती. ऑइलपेंट शहाबादी फरशीच्या छिद्रांत शिरून बसतो. मारताना हे कोणी सांगत नाही.

पट्टी चार बोटं रुंद. टीव्हीच्या भिंतीपासून निघते आणि तिरपी होत मागच्या भिंतीला जाऊन मिळते. नव्या माणसाला ती कशासाठी आहे ते कळत नाही. तिच्या खिडकीकडचं सगळं कॅमेऱ्यात दिसतं. दाराकडचं दिसत नाही.

आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांचा निरोप आला होता. आमच्या भागातल्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवतात ते. शिक्षकांच्या मोबाइलच्या गटावर त्यांनी लिहिलं होतं, "मॅडमच्या शाळेतील पट्टीचा उपक्रम सर्व शाळांनी राबवावा. मॅडम, माप पाठवा." खाली सात-आठ अंगठे आणि दोन टाळ्या. मी तो निरोप संध्याकाळभर पाहिला आणि उत्तर दिलं नाही. सकाळी ब्लेड घेऊन शाळेत आले.

आमची शाळा वालूरपासून पाच किलोमीटर आत. सातवीपर्यंत वर्ग आहेत. मी सेलूत राहते आणि स्कूटीवर ये-जा करते. मुख्याध्यापकांची जागा रिकामी असल्यामुळे तो कारभारही माझ्याकडेच आहे. गावात मेंढरं राखणारी घरं आहेत, थोडी शेती, बाकी मजुरी. सातवीनंतर वालूरला जावं लागतं. मुलं सायकलीवर जातात. मुलींचं घरचे ठरवतात.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्हाला टीव्ही मिळाला. म्हणजे दिसायला टीव्ही. त्यावर कॅमेरा, टेबलावर माइक, खाली एक डबा आणि इन्व्हर्टर. आठवड्यातून तीन दिवस अकरा वाजता पुण्यातल्या स्टुडिओतून एक ताई गणित आणि विज्ञान शिकवायच्या. टेप लावल्यासारखं नव्हे, समोरासमोर. त्या विचारणार, मुलं उत्तर देणार. एका वेळी आठ शाळा जोडलेल्या असत. पडद्यावर आठ चौकोन, प्रत्येकात एक वर्ग. ज्या शाळेला विचारलं तिचा चौकोन मोठा व्हायचा.

आवाज पोचायला दोन क्षण लागायचे. त्यामुळे "नमस्ते ताई" आठ गावांतून एकामागून एक यायचं, आणि शेवटचं गाव नमस्ते म्हणेपर्यंत ताई गणित फळ्यावर लिहून मोकळ्या झालेल्या असायच्या. आमची मुलं पहिल्या दिवशी त्याला इतकी हसली की मला टेबल वाजवावं लागलं.

मुलांची नजर ताईंच्या चेहऱ्याकडे जायची, आणि कॅमेरा वर असल्यामुळे सगळी मुलं मान खाली घालून बसल्यासारखी दिसायची. मी घरून लाल टिकली आणली आणि कॅमेऱ्याच्या खाली चिकटवली. बोलताना टिकलीकडे बघायचं. असल्या युक्त्या मला सुचतात आणि त्यांचा मला अभिमानही वाटतो.

टीव्ही खिडकीकडच्या कोपऱ्यात बसवला होता, कारण दाराकडे छत गळतं. कॅमेरा स्क्रूने घट्ट केलेला. वर्गात एकतीस मुलं आणि कॅमेऱ्यात मावत होती सोळा. दाराकडच्या पंधरांना पडदा दिसायचा, पण पडद्याला ती दिसायची नाहीत. पहिले चार आठवडे मी अदलाबदल केली. सोमवारी खिडकीवाले, बुधवारी दारवाले. त्यात पाच मिनिटं जायची, बाक सरकायचे, दप्तरं राहायची, भांडणं व्हायची. तरी चाललं होतं.

त्या पंधरांत एक मुलगी होती. सातवीतली, वर्गात सगळ्यांत उंच, आवाज खणखणीत. घरची चाळीस मेंढरं. दिवाळी झाली की घरचे मेंढरं घेऊन निघत आणि जूनच्या तोंडावर परत येत. दरवर्षी ती दिवाळीपर्यंत शाळेत असायची, मग गायब, मग परीक्षेला एखाद्या दिवशी उगवायची आणि पास व्हायची. गणित तिला तोंडी यायचं. मेंढरं मोजणाऱ्या घरात जन्मलेल्यांना ते येतंच, असं मी समजत असे. तिच्याकडे वेगळं लक्ष द्यायची गरज मला वाटली नाही, ते त्यामुळेच असावं.

चौथ्या आठवड्यात केंद्रप्रमुख भेटीला आले आणि मागच्या खुर्चीवर बसले. ती त्या दिवशी खिडकीकडे होती. ताईंनी गणित घातलं. एका धनगराकडे चाळीस मेंढ्या आहेत. वर्षातून एकदा लोकर कातरली, एका मेंढीची दोन किलो निघाली, तर एकूण किती?

आमचा चौकोन मोठा झाला. बाकीची मुलं ऐंशी, ऐंशी करायला लागली. ती उभी राहिली, टिकलीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "ताई, ही कुठली मेंढी हाय?"

दोन क्षण गेले. ताई म्हणाल्या, "म्हणजे?"

"दोन किलो लोकर निघतच न्हाई ताई. पाव किलो निगाली तर लय झालं. आन् वर्सातून दोन डाव कातरतेत. एकदाच कातरल्यावर मेंढरू उन्हानं मरल की!"

आठही चौकोनांत हसू पसरलं. ताईही हसल्या, पण चांगल्या हसल्या. म्हणाल्या, "मग तूच दुरुस्त करून सांग उत्तर." तिने उभ्या उभ्या सांगितलं. वर्षाची अर्धा किलो, चाळीसांची वीस किलो, "त्यात बी काळी येगळी, पांढरी येगळी." ताई म्हणाल्या, "सप्टेंबरमध्ये मी प्रत्येक शाळेतली दोन मुलं शनिवारच्या खास वर्गासाठी निवडणार आहे. तू त्यात हवीस. बोलत राहा." मुलगी खाली बसली. कान लाल झाले होते.

तास संपल्यावर केंद्रप्रमुख चहा घेता घेता म्हणाले, "पोरगी हुशार आहे, वाद नाही. पण मॅडम, हे सगळं तिकडं रेकॉर्ड होतं. वरचे लोक बघतात. हाय-न्हाई, मरल की, हे आपल्या शाळेचं म्हणून जाणार. जरा भाषेकडे लक्ष द्या."

मी "हो सर" म्हणाले.

मी पाथरीची. घरी आम्हीही लय आणि न्हाईच बोलायचो. परभणीला अध्यापनाचा अभ्यासक्रम करताना वसतिगृहातल्या मुली माझी नक्कल करायच्या. एका वर्षात मी माझी भाषा धुऊन टाकली. तेव्हा ते कष्टाचं काम वाटलं होतं, लाजेचं नाही. साहेबांच्या त्या वाक्यावर मी इतक्या पटकन हो म्हणाले त्याचं कारण तिथे असेल. पण कारण सापडलं म्हणून केलेलं बदलत नाही.

पुढच्या शनिवारी मी ठरवलं की रोजची ही हलवाहलव बंद. कायमची जागा ठरवायची. फाटक रंगवून उरलेला पिवळा रंग होता. सरळ रेघ कशी मारायची हा प्रश्न होता. ती मुलगी म्हणाली, "माजा मामा गवंडीकाम करतोय, मला येतंय." तिने सुतळीला निळा खडू चोळला. एक टोक टीव्हीच्या भिंतीशी मी धरलं, दुसरं मागच्या भिंतीशी तिने. तिने सुतळी ताणली, मधे एका मुलाला टिचकी मारायला लावली, आणि फरशीवर निळी रेघ उठली. "बगा, केस बी इकडं तिकडं न्हाई," ती म्हणाली. त्या रेघेवर मी रंग मारला.

रंग वाळल्यावर मी जागा सांगितल्या. तिला दाराकडे.

"तू उंच आहेस," मी म्हणाले. "तुला तिथूनही दिसतं."

ते खरं होतं. तिला तिथून दिसत होतं.

यानंतर आमचा वर्ग देखणा झाला. सोळा मुलं, धुतलेले गणवेश, टिकलीकडे नजर. धडा आदल्या दिवशी यायचा. मी प्रश्न वाटून द्यायचे, उत्तरं पाठ करून घ्यायचे. तपासणीला आपण हेच करत आलो आहोत. साहेब येणार म्हटल्यावर पुढच्या बाकावर कोण बसणार हे आमच्या पिढीच्या शिक्षकाला कोणी शिकवावं लागत नाही. मी फक्त ते आठवड्यातून तीन दिवस करायला लागले.

अडचण एकच. दाराकडून उत्तर आधी यायचं. ताईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती हळूच पुटपुटायची आणि खिडकीकडची मुलं माना वळवायची. "मागं आवाज नको," असं मी किती वेळा म्हणाले असेन. एकदा माइकने तिचा आवाज पकडला. ताईंनी विचारलं, "मागून कोण बोललं? बरोबर आहे उत्तर."

मी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "ताई, बाहेरचा आवाज आहे."

ताई "बरं" म्हणाल्या आणि दुसऱ्या गावाकडे गेल्या. मी दाराकडे बघितलं नाही. त्या दिवसानंतर दाराकडून आवाज आला नाही.

सप्टेंबरमध्ये शनिवारच्या वर्गाची यादी आली. त्या वर्गात परभणीच्या एका निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणार होते. आठवीपासून राहणं, जेवण, शिक्षण तिथेच. आमच्या शाळेची दोन नावं होती, दोन्ही खिडकीकडची. तिचं नव्हतं. यादीखाली लिहिलं होतं की निवड चौकटीतली हजेरी आणि दिलेली उत्तरं पाहून केली आहे. दर महिन्याला ते वर्गाचं चित्र टिपून घेत आणि बाकाच्या क्रमांकावरून मुलं मोजत. दाराकडच्या बाकांना क्रमांकच नव्हते.

मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकले असते. पण माझी वही माझ्याकडे आहे. जूनच्या प्रशिक्षणात मी माझ्याच अक्षरात लिहून ठेवलं होतं: प्रत्येक मूल महिन्यातून किमान दोनदा चौकटीत यावे. खाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

यादी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. बाजाराचा दिवस सोडला तर ती बाई कधी गावात दिसत नसे. दारातच उभी राहिली.

"मॅडम, पोरीचं नाव आलं का? ती पुन्याची बाई म्हनली व्हती म्हनं."

"बसा ना."

"बसाया येळ न्हाई. नाव आलं आसल तर हिला सासूपाशी ठेवते. आमी पुढं जातो. न्हाई तर आमच्या संगं येईल. दिवाळीला निगायचंय, आत्ताच ठरवावं लागतं."

म्हणजे ते माझ्या उत्तरावर ठरणार होतं. मी खुर्चीत बसले होते, समोर यादी होती, आणि पुण्याच्या ताईंचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. एक फोन केला असता, मुलगी रोज हजर होती, मीच तिला बाजूला बसवलं होतं, एवढं बोलले असते, तर पुढचं त्यांनी बघितलं असतं. पण ते वाक्य बोलावं लागलं असतं.

"मशीननं नाव घेतलं नाही," मी म्हणाले.

"मशीननं?"

"हो. ते सगळं मशीनवर असतं. आपल्या हातात नाही."

बाईने थोडा विचार केला. "मग मशीनपुढं आपन काय बोलावं," असं म्हणाली आणि पदर सारखा करून निघाली. मुलगी आईच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फरशीकडे पाहिलं. मग आईमागून गेली.

संध्याकाळी मी ताईंना निरोप लिहायला घेतला. तीन ओळी झाल्या. चौथ्या ओळीत कारण लिहायचं होतं. मी तिन्ही पुसल्या. उद्या लिहू असं म्हणाले. दिवाळी आली, मेंढरं गेली.

एप्रिलमध्ये ती परीक्षेला आली. उंची आणखी वाढली होती, टाचा भेगाळल्या होत्या. टीव्ही बंद होता. तरी ती दाराकडच्याच बाकावर जाऊन बसली. पेपर लिहिला, पास झाली, सातवीचा दाखला न घेताच गेली. यादीतल्या दोघांपैकी एकाची परभणीला निवड झाली. चांगला मुलगा आहे. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

वर्षाच्या शेवटी पुण्याहून एक रंगीत अहवाल आला. त्यात आमच्या वर्गाचं चित्र होतं, खाली 'आदर्श वर्ग' असं लिहिलेलं. केंद्रप्रमुखांनी ते कार्यालयात लावलं. तिथून पट्टीची कीर्ती पसरली. आता आणखी दहा शाळांत पट्टी येणार होती, आणि प्रत्येक पट्टीच्या दाराकडे कोणीतरी बसणार होतं. म्हणून ब्लेड.

दुपारी खिचडी शिजवणाऱ्या मावशी धान्याचा हिशोब द्यायला आल्या आणि दारात थबकल्या.

"मॅडम, उन्हाळ्यात काय उकरायलात? गुप्तधन हाय का काय?"

"पट्टी काढतेय."

"कामून? चांगली व्हती की. पोरं मापात बसायची."

"म्हणूनच."

मावशींना ते कळलं नाही, पण त्या खाली बसल्या आणि शेंडी घेऊन घासायला लागल्या. "राकेल पायजे व्हतं. राकेलानं लोन्यावानी निघतं."

"रॉकेल कुठं मिळतं आता?"

"त्ये बी खरंय. आमच्या आजीसंगंच गेलं." त्यांनी थोडं घासलं, थिनरचा वास घेऊन तोंड वाकडं केलं. मग म्हणाल्या, "तुमची ती लंबू आली बरं का."

माझा हात थांबला. "कोण?"

"त्ये मेंढरंवाले. कालच आले. वढ्याच्या पल्याड वाडा टाकलाय, लोकर कातरायलेत. पोरीचं औंदा बगायलेत म्हनं."

आमच्याकडे मेंढरं रात्री जिथे बसवतात त्या जागेला वाडा म्हणतात. आणि पोरीचं बघायलेत याचा अर्थ एकच असतो. ती अजून चौदाची नव्हती.

"कोण म्हणालं?"

"गावच म्हनायलंय. घरी बसलेली पोर, उंच हाय, कामाची हाय. लोक इचारनारच की."

मावशी गेल्या. मी पट्टी सोडून कार्यालयात गेले आणि कपाट उघडलं. तिचा दाखला आणि गुणपत्रक एका लिफाफ्यात होतं, वर तिचं नाव माझ्याच अक्षरात. गणितात वर्गात पहिली. मी सही केली होती आणि मला ते आठवत नव्हतं. लिफाफा पर्समध्ये टाकला. परत येऊन उरलेली पट्टी घासली. पाच वाजले तेव्हा रंग गेला होता, पण त्या जागची फरशी फिकट झाली होती. पट्टी होती तिथे आता पट्टीचा डाग होता. तो घासून जाणारा नव्हता. मी हात धुतले आणि घरी गेले. मुलाने विचारलं, हाताला कसला वास येतोय. सांगितलं, रंगाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघाले. ओढ्याला पाणी नव्हतं, स्कूटी थेट पलीकडे नेली. एका पडीक रानात जाळीच्या आत मेंढरं होती. बाप कातर घेऊन बसला होता, मुलगी मेंढीचे पाय धरून. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती.

"मॅडम?" आईने डोळ्यांवर हात धरला. "एवढ्या सकाळी? पट कमी पडला काय शाळेचा?"

जूनमध्ये आम्ही दारोदार मुलं गोळा करत फिरतो, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. चुलीजवळ उकिडवी बसले आणि वाटेत ठरवलं होतं तसं एका दमात सांगितलं. "सप्टेंबरमध्ये मी म्हणाले होते की मशीननं नाव घेतलं नाही. ते खोटं होतं. मशीनला ती दिसतच नव्हती. दिसणार नाही अशा जागी मी तिला बसवलं होतं."

बाईने तव्यावरची भाकरी उलटली. "कामून?"

"तिचं बोलणं साहेबांना आवडलं नव्हतं. मी घाबरले."

"बोलनं तर आमचं बी असंच हाय."

"हो."

बापाची कातर थांबली होती. मुलगी मान खाली घालून मेंढीचे पाय धरून बसली होती. तशीच बोलली, "आय, मला ठाऊक हाय. सुतळी म्याच धरली व्हती."

"ठाऊक व्हतं तर बोलली कामून न्हाईस?"

"कुनाला बोलू? मॅडम खोटं बोलायल्यात म्हनून मॅडमलाच सांगू?"

बाप हसला. मला ते हसू बरं वाटलं असं नाही, पण ते खोटं नव्हतं. मेंढीने लाथ मारली, मुलीने पाय पुन्हा आवळले.

मी लिफाफा काढला. "परभणीचं गेलं. ते आता परत येत नाही. वालूरला आठवीत नाव घालू. मी घेऊन जाते, आजच."

"आन् दिवाळीला?" आई म्हणाली. "आमी निगाल्यावर?"

"तेव्हा सासूबाईंपाशी ठेवा. नाही जमलं तर वसतिगृहाचं मी बघते."

"तुमी बगता," आई म्हणाली. तिने ते प्रश्नासारखं म्हटलं नाही आणि होकारासारखंही नाही.

"एक पाव्हणं इचारून गेलेत," बाप कातर पुसत म्हणाला.

"ती तेरा वर्षांची आहे. दाखल्यावर तारीख आहे. वाचून दाखवू?"

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. थोडा वेळ कातर तळहातावर आपटत राहिला. "दिवाळीपतूर जाऊ दे. दिवाळीला बगू."

त्याहून जास्त मिळालं नाही. मागायचा हक्कही नव्हता. तीन मेंढ्या कातरायच्या राहिल्या होत्या. त्या होईपर्यंत मी थांबले. तिने तोंड धुतलं, वेणी घातली आणि स्कूटीवर मागे बसली.

वालूरच्या शाळेत कारकून नऊला आला. त्याने दाखला उलटसुलट पाहिला, अर्ज दिला आणि म्हणाला, "दोन फोटो." तिच्याकडे नव्हते. माझ्या शाळेच्या दप्तरात पट्टीनंतरची, टीव्हीच्या वर्गाची दीडशे चित्रं होती, त्यातल्या एकातही ती नव्हती. रस्त्यापलीकडे फोटोचं दुकान होतं. ते दहाला उघडतं. आम्ही त्याच्या पायरीवर बसलो. तिने मला विचारलं, "इथं बी टीव्हीचा वर्ग हाय का?" मी हो म्हणाले. "कोनत्या कोपऱ्यात हाय?" ते मला माहीत नव्हतं. ती रस्ता ओलांडून गेली, खिडकीतून वाकून बघितलं आणि परत येऊन बसली.

तेवढ्यात मी मोबाइल काढला आणि गटावर लिहिलं, "पट्टी काढली आहे. कोणी मारू नये. मारल्यास निम्मी मुले वर्गाबाहेर बसतात. माझ्या शाळेत एका मुलीचे नुकसान झाले, ते माझ्यामुळे." पाठवलं. अंगठा कोणाचाच आला नाही.

दहाला दुकान उघडलं. फोटोवाल्याने तिला निळ्या पडद्यापुढे स्टुलावर बसवलं आणि डोळा कॅमेऱ्याला लावला. "जरा मागं सर गं, डोकं कापायलंय."

ती हलली नाही. टिकली नसलेल्या कॅमेऱ्याकडे सरळ बघत म्हणाली, "तुमीच मागं सरा की."

तो सरला. आठ प्रती निघाल्या. दोन कारकुनाला दिल्या, पाच तिने स्वतःपाशी ठेवल्या. एक शाळेच्या नोंदीसाठी मी मागितली. तिने ती आधी उलटी करून पाहिली, मग दिली.